पूर्ण किमतीचा फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. एका दाराचा, फिकट निळ्या रंगाचा, डाव्या खांद्याला पोचा पडलेला. तुम्ही माझ्या पोटातून सरबताच्या बाटल्या काढता आणि दार धाडकन आपटून पळता, तेव्हा तुम्हाला वाटत असेल की मी जन्मभर हेच करत आलो. तसे नाही. ज्यांनी मला पहिल्यांदा विकत घेतले त्यांना माझा गारवा नकोच होता. त्यांना हवे होते माझे हप्ते. ऐकायला वेडगळ वाटते ना? मलाही तेव्हा तसेच वाटले होते. म्हणून सगळे सुरुवातीपासून सांगतो. तेवढा वेळ दार मात्र बंद ठेवा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे पत्रा वाकत होता, तांब्याच्या नळ्या वळत होत्या, भिंतींच्या पोकळीत पांढरा फेस फुगून घट्ट बसत होता. रांगेच्या शेवटी एक बाई उभी असायची. तिच्या हातात कागदाची एक पट्टी असे. ती पट्टी दारात अडकवायची, दार लावायचे आणि पट्टी ओढायची. पट्टी सुळकन निघून आली तर दाराचे रबर सैल, फ्रिज मागे. माझी पट्टी तिने ओढली, पुन्हा ओढली, मग जरा रागानेच ओढली. पण ती हलली नाही. "हा धरून ठेवतो," असे म्हणून ती पुढच्या फ्रिजकडे वळली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. अजून विसरलेलो नाही.

मग मी एका शोरूममध्ये आलो. चकचकीत फरशी, मोठाल्या काचा, आणि आम्ही सगळे अंगावर पातळ प्लास्टिक लपेटून रांगेत उभे. एका दुपारी एक जोडपे आले. बाई ठेंगण्या, चालणे भरभर, पर्स काखेत घट्ट धरलेली. मागून येणारे गृहस्थ उंच आणि शांत, बोटांच्या कडा तेलाने काळ्या झालेल्या. बाई थेट माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"हा कितीला?"

गळ्यात टाय बांधलेल्या विक्रेत्याने भाव सांगितला.

"निम्म्यात द्या."

टायवाला हसला. त्याला वाटले, बाई गंमत करताहेत. बाई गंमत करत नव्हत्या. त्यांनी माझे दार उघडले, आतला दिवा मिणमिणता असल्याचे सांगितले, बर्फाचा कप्पा लहान ठरवला, माझ्या रंगाला नाव ठेवले. मला फार लागले. टायवाला मात्र घामाघूम होऊन पायरीपायरीने खाली उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "ताई, रोख देत असाल तर अजून थोडं कमी करतो. यापुढे माझी नोकरी जाईल."

बाईंची पर्स उघडी होती आणि आतली नोटांची गड्डी मला स्वच्छ दिसत होती. त्यांचा हात तिकडे गेला, तिथेच थबकला आणि रिकामा परत आला.

"रोख नको. हप्त्यांवर द्या."

"अहो पण हप्त्यांवर व्याज पडेल. आणि पैसे तर दिसताहेत तुमच्याकडे."

"दिसताहेत तर दिसू देत. हप्त्यांवर."

टायवाल्याने कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन लावला, नाव सांगितले आणि ऐकता ऐकता त्याचा आवाज खाली आला. त्या नावावरचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याबद्दल मिळणारे गुण, फार वाईट होता. कर्ज मिळेल, पण आधी बरीच रक्कम भरावी लागेल आणि व्याजही इतरांपेक्षा जास्त. मला वाटले, या बाई आता शोरूम डोक्यावर घेणार. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि होकाराची मान हलवली. शेजारचे गृहस्थ इतका वेळ छताकडे पाहत उभे होते. त्यांनी हळूच बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

अशा रीतीने मी विकला गेलो. टेम्पोतून उतरलो आणि समोर पाहतो तर काय, फ्रिजच फ्रिज! दार निखळलेले, गंज चढलेले, पाठीमागच्या नळ्या उघड्या पडलेले. मी जुन्या फ्रिजच्या दुकानात आलो होतो. बाई जुने फ्रिज विकत घ्यायच्या, त्यांचे यजमान ते दुरुस्त करायचे आणि बाई ते विकायच्या. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचे घर होते. समोरचा बेकरीवाला पायरीवर येऊन मोठ्याने ओरडला, "काय हो निम्मेताई, फ्रिज कमी पडले की काय तुम्हाला?" सगळा रस्ता हसला. कोणतीही वस्तू दिसली की पहिला शब्द "निम्म्यात", म्हणून त्या साऱ्या रस्त्याच्या निम्मेताई. यजमानांना सगळे मिस्त्री म्हणत.

मला मागच्या खोलीत, दुकान दिसेल अशा जागी उभे केले. मिस्त्रींनी माझे प्लास्टिक काढायला हात लावला, तर निम्मेताई कडाडल्या.

"हात लावायचा नाही! हप्ते फिटेपर्यंत हा आपला नाही. फिटले की नवाकोरा म्हणून विकून टाकायचा. लावायचाही नाही."

"अगं, न लावता ठेवायचा? वर्ष-दीड वर्ष?"

"शोभेला ठेवा."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ठरवा. गार करण्यासाठी जन्माला यावे आणि कोपऱ्यात कपाटासारखे उभे राहावे! निम्मेताईंच्या लेकीने माझ्या वरच्या फळीवर शाळेच्या वह्या ठेवल्या. अंड्यांच्या खळग्यांत स्क्रू आणि वॉशर पडले. मी मनातल्या मनात खूप धुसफुसलो.

मिस्त्रींना काम करताना यंत्रांशी बोलायची सवय होती. बायको बाजारात गेली की ते माझ्याशी बोलत. त्यांच्याकडूनच मला सगळी हकीकत कळली.

काही वर्षांपूर्वी एक मोठे हॉटेल बंद पडले. तिथले सगळे फ्रिज एकगठ्ठा निम्म्या भावात मिळत होते. निम्मेताईंना निम्म्या भावाचा मोह आवरेना. त्यांनी बँकेतून कर्ज काढून ते उचलले. पण हॉटेलच्या तळघरात कधीतरी पाणी भरले होते आणि बहुतेक फ्रिजचे कॉम्प्रेसर, म्हणजे आमचे काळीजच, आतून गंजून गेले होते. माल विकला जाईना. हप्ते थकले. वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. तो एके दिवशी वैतागून म्हणाला, "बरं ताई, जमेल तेवढं एकदम भरा, बाकीचं बघू." निम्मेताईंचे डोळे चमकले. भाव सुरू झाला! त्यांनी निम्म्यापासून सुरुवात केली आणि खरोखरच निम्म्यात कर्ज मिटवले. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या रस्त्याला चहा पाजला. "दुकानदार सूट देतात, त्यात काय," त्या म्हणत, "मी बँकेकडून सूट घेतली!" आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा त्यांनी जिंकला होता.

मग दुकानाच्या भाड्याच्या जागेच्या मालकांनी, ज्यांना लेक मालकआजोबा म्हणायची, एकदा बोलावून घेतले. ते आता म्हातारपणी मुलीकडे राहायला जाणार होते. "जागा विकायची आहे. तुम्ही इतकी वर्षं आहात, पहिला हक्क तुमचा. पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत थांबतो. नंतर मात्र गाड्या ठेवायला जागा हवी असलेला एक माणूस तयार आहे. तो सगळं पाडणार." दुकान जाणार म्हणजे मागचे घरही जाणार. निम्मेताई ताठ मानेने बँकेत गेल्या आणि तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. जुन्या कर्जापुढे 'फेडले' असे लिहिलेले नव्हते. 'तडजोड' असे लिहिलेले होते. स्कोअर तळाला गेला होता.

"मग ती काय करते?" मिस्त्री मला सांगताना हसले, पण डोळ्यांत हसू नव्हते. "बाजारात चार दुकानं फिरून भाव काढतो ना आपण, तशी ती आणखी चार बँका फिरली. सगळीकडे अर्ज केला. प्रत्येक अर्जाची नोंद होते म्हणे. स्कोअर अजून घसरला."

तेव्हा चष्मेवाल्या बाईंनी समजावून सांगितले. आता कुठेही अर्ज करू नका. एक छोटेसे कर्ज घ्या, झेपेल एवढेच, आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आत भरा. तुम्ही पैसे परत करता हे पुन्हा दिसू द्या. रोखीने कितीही खरेदी केली तरी ती कुणाला दिसत नाही. असा मी त्या घरात आलो. त्या बाईंना शाबासकी द्यावी की दोष, हे मला कितीतरी दिवस ठरवता येत नव्हते.

पण निम्मेताईंचे वागणे पाहून माझा राग हळूहळू ओसरला. हप्त्याची तारीख जवळ आली की त्या आधीच पैसे बँकेत टाकून येत. हसू नका, पण एकदा तर त्या ताप अंगात असताना गेल्या. लेक म्हणाली, "आई, अजून वेळ आहे गं, उद्या टाक." त्या म्हणाल्या, "उद्या ताप वाढला तर? बँकेला काय माझा ताप दिसणार आहे?" आणि शाल गुंडाळून निघाल्या. ज्या बाईला एक खिळा विकत घेतानाही वाद घातल्याशिवाय चैन पडत नसे, ती महिन्यामागून महिने मुकाट्याने व्याज भरत होती. तिच्यासाठी ते किती अवघड होते हे मी रोज पाहत होतो.

मिस्त्रींनी मात्र एका दुपारी मला गुपचूप वायर जोडली. निम्मेताई आल्या आणि माझा आवाज ऐकून दारातच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"यंत्र नुसतं ठेवलं की आतून आखडतं गं. आपल्याकडे येतात ना तसे, वर्षभर बंद ठेवलेले. नवे दिसतात आणि चालत नाहीत. थोडं थोडं चालवायलाच हवं."

निम्मेताईंनी माझ्या अंगाला हात लावून पाहिला. "हेच त्या चष्मेवाल्या बाई सांगत होत्या," त्या पुटपुटल्या. "चालू दे." प्लास्टिक मात्र त्यांनी काढू दिले नाही. त्या संध्याकाळी लेकीने माझ्यात पहिला बर्फ लावला आणि दर पाच मिनिटांनी दार उघडून तो झाला का ते पाहिले. मी जीव तोडून गारवा केला.

काही महिन्यांनी निम्मेताई स्कोअर पाहून आल्या आणि आल्या तशा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. स्कोअर वाढला होता, पण घर घेण्याइतका नाही. ती 'तडजोड' अजून तिथेच होती. चष्मेवाल्या बाईंनी सांगितले होते, जी रक्कम तेव्हा सोडून दिली ती आता भरली, तर ती नोंद बदलून 'फेडले' अशी होऊ शकेल.

"म्हणजे मी जिंकलेला सौदा परत करायचा?" निम्मेताई म्हणाल्या. "त्यांनी आपण होऊन सोडले होते ते पैसे. मी काही चोरले नव्हते."

मिस्त्री हातातला पाना पुसत होते. ते म्हणाले, "समज, एक गिऱ्हाईक आपल्याकडून फ्रिज दुरुस्त करून नेतं. निम्मेच पैसे देतं, बाकीचे सोडून द्या म्हणतं. भांडून कंटाळतो आपण, सोडतो. तो माणूस पुढच्या वेळी आला तर तू काय करशील?"

"आधी पैसे मागेन," त्या चटकन म्हणाल्या.

मिस्त्री पाना पुसत राहिले. निम्मेताईंचा चेहरा लाल झाला. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हते. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसले. "तेव्हा मला वाटलं होतं मी सूट घेतली," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझा नाद सोडला होता."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या बर्फाच्या कप्प्याशेजारी एक डबा आला. फ्रिज विकला गेला की घरखर्च काढून उरलेले पैसे त्यात पडत. मी त्या डब्याची फार काळजी घेतली. निम्मेताईंनी त्या काळात स्वतःसाठी काही घेतलेले मला आठवत नाही. चपलेचा अंगठा तुटला तर मिस्त्रींकडून तारेने बांधून घेतला. डबा भरला तेव्हा त्यांनी तो माझ्यातून काढला, थंडगार नोटा पर्समध्ये भरल्या आणि बँकेत गेल्या.

तिथे काय झाले ते त्यांनी घरी येऊन अगदी हातवारे करून सांगितले. काउंटरवरच्या माणसाला आधी काही कळेचना. "ताई, हे कर्ज तर मिटलेलं आहे." "मिटलेलं नाही, मिटवलेलं आहे. उरलेलं घ्या." त्याने साहेबांना बोलावले. साहेबांनी चष्मेवाल्या बाईंना बोलावले. सोडून दिलेले पैसे परत घेऊन आलेले माणूस त्या शाखेत आधी कुणी पाहिले नव्हते. पैसे मोजले गेले, तसे लेखी पत्र मिळाले, नोंद बदलायला पाठवली. सगळे झाल्यावर साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आणखी काही सेवा?"

"म्हटलं," निम्मेताई सांगत होत्या, "एवढे पैसे देतेय, एक पेन तरी द्या! तर त्यांनी खिशातलं काढून दिलं." आणि त्यांनी ते पेन माझ्या डोक्यावर ठेवले. लेक हसून हसून जमिनीवर बसली. मला त्या बाईंचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला असावा, कारण मिस्त्रींनी माझ्याकडे वळून पाहिले.

बेकरीवाल्याला ही बातमी लागली. तो म्हणाला, "काय ताई, सूट परत केलीत म्हणे? बदललात तुम्ही."

"बदलले कुठे? तुझ्या पावाचा भाव करतेच की रोज. पण भाव शब्द द्यायच्या आधी करायचा. मी तेवढा एकदा नंतर केला होता."

मित्रांनो, गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण त्याच आठवड्यात मिस्त्री एका भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्रेसरचा ढीग घेऊन आले. चेहरा फुललेला. "निम्म्या भावात मिळाले!" त्यांना वाटले, बायको आता पाठ थोपटणार. बायको खाली बसली. डबा रिकामा झालेला, हप्त्यासाठी हाताशी ठेवलेले तेवढे बँकेत टाकायच्या आतच मिस्त्रींनी भंगारवाल्याला दिलेले, आणि उद्या सकाळी माझा हप्ता खात्यातून कापला जाणार. एक हप्ता चुकला की इतक्या महिन्यांच्या कष्टांवर पाणी. मिस्त्रींचा चेहरा पाहवेना. निम्मेताई मात्र त्यांना एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या.

दुपारी एक नर्सबाई आल्या. दोन दारांचा एक चांगला फ्रिज त्यांना आवडला. त्यांनी अगदीच कमी भाव सांगितला आणि लढाईच्या तयारीने पर्स टेबलावर ठेवली.

"चालेल," निम्मेताई म्हणाल्या.

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे पैसे द्या आणि घेऊन जा."

नर्सबाईंनी पर्स उचलून पुन्हा काखेत घेतली. "काय बिघडलंय यात?"

"काही नाही हो."

"मग तुम्ही भांडत का नाही? मला सगळ्यांनी सांगितलं होतं, दोन तास काढूनच जा म्हणून. नक्कीच काहीतरी खोट आहे."

आणि त्या खरोखरच पायऱ्या उतरू लागल्या! तेवढ्यात मिस्त्री, जे आयुष्यात कधी गिऱ्हाइकाशी बोलले नव्हते, ते पाना हातात घेऊन धावत आले. "छे छे, या भावात मुळीच परवडत नाही! हिला काय कळतंय? नवा कॉम्प्रेसर टाकलाय मी." नर्सबाई थांबल्या. त्यांचा चेहरा उजळला. मग मिस्त्री एक भाव सांगू लागले, नर्सबाई दुसरा, आणि निम्मेताई मध्ये उभ्या राहून नवऱ्याकडे डोळे विस्फारून पाहू लागल्या. शेवटी नर्सबाईंनी पहिल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे दिले आणि खूश होऊन गेल्या. बँक बंद व्हायच्या आत पैसे खात्यात पडले. परत आल्यावर निम्मेताई एवढेच म्हणाल्या, "भाव बरा करता हो तुम्ही." मिस्त्री लाजले.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी निम्मेताईंनी हात धुतले, पुसले आणि माझ्या अंगावरचे प्लास्टिक कडेपासून सोलायला घेतले. त्याचा चरचर आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी पहिल्यांदा उघडा झालो. माझा रंग पाहून त्या म्हणाल्या, "रंग चांगला आहे की याचा." शोरूममधली जखम तेव्हा भरून आली. मिस्त्रींनी विचारले, "मग विकायचा ना आता? नवाकोरा म्हणून?" त्या दूध उचलून माझ्यात ठेवायला गेल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी स्कोअर आला. चष्मेवाल्या बाईंनी पडदा वळवला तेव्हा तिथे जुन्या कर्जापुढे 'फेडले' होते आणि माझ्या कर्जापुढेही 'फेडले' होते. स्कोअर अगदी वर नव्हता, पण पुरेसा होता. जागेचे कर्ज मंजूर झाले. मालकआजोबांशी निम्मेताईंनी जागेचा भाव केला तो मी ऐकला आहे. दुपारी चहाला सुरू झाला आणि दिवे लागले तरी संपेना. आजोबा शेवटी म्हणाले, "बाई, मी म्हातारा आहे, दया करा." पण आकडा ठरला तसे निम्मेताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि पुढे कागदपत्रे व्हायला उशीर झाला, व्याज किंचित वाढले, तरी त्या आकड्यात त्यांनी एक पैसाही इकडचा तिकडे केला नाही. सह्या त्यांनी साहेबांच्या त्या पेनाने केल्या.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. दूध, औषधे, चिरलेल्या भाज्या, लेकीच्या परीक्षेच्या दिवसांतले लिंबूपाणी. ती वर्षे सुखाची होती, आणि सुखाच्या दिवसांचे फारसे सांगण्यासारखे नसते. मी जुना झालो. रबर सैल झाले, मिस्त्रींनी बदलले. लेक नोकरीला लागली आणि तिने आईसाठी मोठा फ्रिज आणला. मला बाहेर दुकानात विक्रीच्या रांगेत उभे केले. मला वाईट वाटले. पण गिऱ्हाइकाने माझी चौकशी केली की निम्मेताई असा भाव सांगत की माणूस हबकून पुढे जाई. नव्या फ्रिजपेक्षाही जास्त!

"विकायचा नाही तर तसं सांग ना लोकांना," मिस्त्री म्हणत.

"दुकानात ठेवलेल्या वस्तूला विकायची नाही म्हणता येत नाही. भाव सांगावाच लागतो."

अशी काही वर्षे गेली. मग एके सकाळी डोक्यावर टोपी घातलेला एक माणूस आला. त्याला खाण्यापिण्याचे छोटे दुकान काढायचे होते आणि जुन्या वस्तूंची हौस होती. त्याने माझ्या निळ्या रंगावर हात फिरवला आणि भाव विचारला. निम्मेताईंनी नेहमीचा भाव सांगितला.

"घेतो," टोपीवाला म्हणाला.

निम्मेताई म्हणाल्या, "खांद्याला पोचा आहे."

"दिसला मला. छान आहे."

"आवाज करतो. दिवा मिणमिणता आहे. बर्फाचा कप्पा लहान आहे." शोरूममधली सगळी दूषणे त्यांनी पुन्हा एकदा म्हटली, पण आवाज तो नव्हता.

"चालेल हो, ताई."

मिस्त्रींना राहवले नाही. "अहो, तो खरं तर विकायचा…"

निम्मेताईंनी हात वर करून त्यांना थांबवले. "भाव मी सांगितला. ते हो म्हणाले." मग त्या टोपीवाल्याकडे वळल्या. "घेऊन जा. दार सावकाश लावा तेवढं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मी टेम्पोत चढलो तेव्हा त्या पायरीवर उभ्या होत्या आणि बेकरीवाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काही न बोलता उभा होता.

त्यांना मला सोडायचे नव्हते आणि तरी त्यांनी सोडले, याचा मला राग आला नाही. उलट त्या दिवशी मला कळले की आपण किती खऱ्या माणसाच्या घरात राहिलो. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. माझे दार आपटू नका, वाफाळती भांडी माझ्यात कोंबू नका. आणि कुणाकडून काही घेतले असेल, मग ती मित्राची रंगीत पेन्सिल का असेना, ज्या दिवशी देतो म्हणालात त्या दिवशी द्या. एकदा गेलेली पत परत आणता येते, मी ते पाहिले आहे. पण फार चालावे लागते, आणि चपलेचा अंगठा तुटतो.

ते बघा, आठवड्यातून एकदा येतात तशा आज निम्मेताई आल्या आहेत. केस पांढरे झाले, चालणे अजून भरभर. आता त्या टोपीवाल्याला विचारतील, "सरबत कितीला?" आणि म्हणतील, "निम्म्यात द्या." तो हसेल, दोघे थोडे भांडतील, भाव ठरेल. सरबत त्यानंतरच पितील. ठरले तेवढे पैसे मोजून देतील. मग हातातली बिलाची चिठ्ठी माझ्या दारात अडकवतील, दार सावकाश लावतील आणि ओढून पाहतील.

चिठ्ठी हलणार नाही. मी तिला नीट धरून ठेवतो.